महाविद्यालयाची संगणक-पेढी : दूरशिक्षणाची एक मूलभूत गरज

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले, त्या वेळी मराठवाड्यातील उच्च शिक्षणाची सोय अत्यंत तोकडी होती. औरंगाबाद येथे इंटरमिजिएटपर्यंतचे महाविद्यालय होते. त्यापुढील शिक्षणासाठी हैदराबादसारख्या दूरच्या शहरी जावे लागे. ज्याच्या घरी शेत नाही, गाठीला पैसा नाही, अशा तरुणाला ते शक्य नव्हते. अशा परिस्थितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबाद येथे महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. पुढे मिलिंद महाविद्यालय या नावाने ते सर्वपरिचित झाले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि १४ जानेवारी १९९४ रोजी त्याचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असा नामविस्तार झाला.

या इतिहासातील एक गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. नागसेनवन परिसरात वर्गखोल्यांइतकेच महत्त्व वसतिगृहाला आणि ग्रंथालयाला होते. खेड्यातून आलेल्या विद्यार्थ्याला केवळ प्रवेश देऊन भागत नाही. त्याला बसण्यास जागा, वाचण्यास दिवा आणि हाती पुस्तक द्यावे लागते, हे त्यामागील तत्त्व होते. वसतिगृहात भूमिहीन मजुराचा मुलगा आणि मुख्याध्यापकाचा मुलगा एकाच दिव्याखाली अभ्यास करतात, एकाच ग्रंथालयातून पुस्तके घेतात. घरच्या परिस्थितीतील अंतर पूर्णपणे नाहीसे होत नसले तरी अभ्यासाच्या वेळेपुरते ते पुष्कळ कमी होते.

शिक्षण दूरस्थ पद्धतीने होऊ लागले की, नेमका हाच आधार निघून जातो. विद्यार्थी घरी बसून शिकतो आणि घर जसे असेल तसेच त्याचे शिक्षण होते. म्हणून दूरशिक्षणात विद्यार्थ्याला संगणक मिळणे ही चैनीची किंवा बक्षिसाची बाब नसून वसतिगृह व ग्रंथालय यांची जागा भरून काढणारी प्राथमिक गरज आहे. ती कशी भागविता येईल, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

२०२० चा अनुभव

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे राज्यातील महाविद्यालये बंद झाली. वसतिगृहे रिकामी करण्यात आली आणि विद्यार्थी सिल्लोड, सोयगाव, कन्नड, वैजापूर, पैठण अशा तालुक्यांतील, तसेच जालना, बीड व धाराशिव जिल्ह्यांतील आपापल्या गावी परतले. अध्यापन मात्र थांबले नाही. ते मोबाइलच्या आणि संगणकाच्या पडद्यावर सुरू झाले. अंतिम वर्षाच्या परीक्षा घेतल्याखेरीज पदवी देता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २८ ऑगस्ट २०२० च्या निर्णयाने स्पष्ट झाले. त्यानंतर राज्यातील विद्यापीठांनी ऑनलाइन व प्रत्यक्ष अशा दोन्ही मार्गांनी परीक्षा घेतल्या. महाविद्यालयांतील वर्ग २० ऑक्टोबर २०२१ पासून प्रत्यक्ष स्वरूपात पुन्हा सुरू झाले. म्हणजे मधला काही काळ वगळता सुमारे दीड वर्ष विद्यार्थ्याचे घर हेच त्याचे महाविद्यालय होते.

या घराची स्थिती काय होती? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे जुलै २०१७ ते जून २०१८ या काळात, देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी केवळ ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता. शहरी कुटुंबांत हे प्रमाण २३.४ टक्के होते. इंटरनेटची सोय ग्रामीण भागात १४.९ टक्के, तर शहरी भागात ४२.० टक्के कुटुंबांकडे होती. संगणक या संज्ञेत टॅब्लेटचाही समावेश होता, हे लक्षात घेतले म्हणजे आकड्यांचे गांभीर्य अधिकच जाणवते. शंभर ग्रामीण घरांपैकी पंचाण्णव घरांत ज्या साधनाचा अभाव होता, त्या साधनावर आपण पदवीचा अभ्यासक्रम चालविला.

घरात साधन असले तरी ते सर्वांच्या वाट्याला सारखे येत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार इंटरनेटचा कधीतरी वापर केलेल्या महिलांचे देशातील प्रमाण ३३.३ टक्के होते, तर पुरुषांचे ५७.१ टक्के. घरात एकच मोबाइल असेल तर तो वडिलांबरोबर शेतावर किंवा भावाबरोबर कामावर जातो आणि मुलीचा तास सकाळी अकराला असतो. पटावर तिचे नाव राहते. शिक्षण मात्र थांबते.

प्रश्न साथीपुरता नाही

साथ संपली, वर्ग भरू लागले. तेव्हा हा प्रश्न मागे पडला, असे समजणे चुकीचे ठरेल. नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून दूरशिक्षण देत आहे. नोकरी, शेती किंवा संसार सांभाळून शिकणाऱ्यांना त्याचा मोठा आधार आहे. केंद्र शासनाच्या 'स्वयम्' या व्यासपीठाचा प्रारंभ ९ जुलै २०१७ रोजी झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एखाद्या अभ्यासक्रमातील एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम्'द्वारे पूर्ण करून त्याचे श्रेयांक मिळविता येतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ची अंमलबजावणी राज्यातील संलग्न महाविद्यालयांत पदवी स्तरावर २०२४-२५ पासून सुरू झाली आहे. थोडक्यात, नियमित महाविद्यालयात जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या शिक्षणाचाही काही भाग यापुढे दूरस्थ राहणार आहे.

मोबाइल संच आता बहुतेक घरी पोहोचला असताना संगणकच कशाला, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. व्याख्यान ऐकण्यास मोबाइल पुरतो, हे खरे. परंतु पन्नास पानांचा प्रकल्प-अहवाल लिहिणे, जमाखर्चाचे तक्ते तयार करणे, संगणकीय आज्ञावली लिहून तपासणे, एका बाजूस पुस्तक उघडून दुसऱ्या बाजूस टिपण काढणे ही कामे पाच-सहा इंचांच्या पडद्यावर नीट होत नाहीत. मोबाइलवर विद्यार्थी श्रोता होतो. लिहिता होण्यासाठी त्याला संगणक लागतो. पदवीचे शिक्षण मुख्यतः लिहिण्याचे आणि करून पाहण्याचे आहे, हे विसरता कामा नये.

देणगी, बचत की उसनवारी

विद्यार्थ्यांना संगणक पुरविण्याचे आजवर मुख्यतः तीन मार्ग अवलंबिण्यात आले आहेत.

पहिला मार्ग विनामूल्य वाटपाचा. तामिळनाडू शासनाने सप्टेंबर २०११ मध्ये शासकीय व अनुदानित शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना लॅपटॉप देण्यास प्रारंभ केला आणि लाखो विद्यार्थ्यांना त्याचा लाभ झाला. आपल्या राज्यात नागपूर येथील 'महाज्योती' संस्थेने इतर मागासवर्गीय, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना जेईई, नीट व सीईटीच्या तयारीसाठी टॅब्लेट आणि इंटरनेट डेटा दिला आहे. यातील दुसरी बाब विशेष लक्षणीय आहे. साधन आणि जोडणी ही दोन्ही एकत्रच द्यावयास हवीत, हे त्यात ओळखले गेले.

दुसरा मार्ग बचतीचा. केरळमध्ये साथीच्या काळात राज्य वित्त संस्था आणि 'कुटुंबश्री' बचतगट यांनी 'विद्याश्री' योजना आखली. दरमहा ५०० रुपये याप्रमाणे ३० महिन्यांत १५,००० रुपये भरावयाचे आणि पहिल्या तीन हप्त्यांनंतर लॅपटॉप मिळावयाचा, अशी तिची रचना होती. महिला बचतगटांचे जाळे असलेल्या महाराष्ट्रालाही हा विचार परका नाही. मात्र ज्यांना दरमहा ५०० रुपयेही बाजूला काढता येत नाहीत, त्यांना तो पुरेसा नाही.

तिसरा मार्ग उसने देण्याचा. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने १९७१ साली अध्यापन सुरू केले, तेव्हा घरी राहून विज्ञान शिकणाऱ्यांना प्रयोगाचे साहित्य कोठून मिळणार, ही अडचण होती. विद्यापीठाने प्रयोग-साहित्याच्या पेट्या तयार केल्या. त्यांत छोटा सूक्ष्मदर्शकही असे. पेटी टपालाने घरी येई आणि अभ्यासक्रम संपला की परत जाई; पुढील वर्षी तीच दुसऱ्या विद्यार्थ्याच्या उपयोगी पडे.

ही कल्पना आपल्याकडेही जुनीच आहे. अनुसूचित जाती व जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी १९७८-७९ पासून पुस्तक-पेढी योजना राबविण्यात आली. वैद्यकीय, अभियांत्रिकी यांसारख्या अभ्यासक्रमांची महागडी पुस्तके विद्यार्थ्यांनी विकत घेण्याऐवजी महाविद्यालयाने संच घ्यावा, दोन विद्यार्थ्यांनी तो वापरावा आणि त्याचे आयुष्य तीन वर्षे धरावे, असे तिचे स्वरूप होते. पुस्तके ठेवण्याच्या कपाटासाठीही त्या योजनेत तरतूद होती. आज पुस्तकाच्या जागी संगणक ठेवून हीच योजना पुढे नेणे सहज शक्य आहे.

हिशेब काय सांगतो

उदाहरणादाखल एका लॅपटॉपची किंमत ३०,००० रुपये आणि आयुष्य पाच वर्षे धरू. दुरुस्ती, बॅटरी व इतर सुट्या भागांसाठी किमतीच्या १० टक्के, म्हणजे वर्षाला ३,००० रुपये ठेवले, तर एका संगणकाचा वार्षिक खर्च ९,००० रुपये, म्हणजे दरमहा ७५० रुपये होतो. चाळीस संगणकांच्या पेढीला प्रारंभी १२ लाख रुपये आणि पुढे दरवर्षी १ लाख २० हजार रुपये लागतील. तेवढ्यात पाच वर्षे प्रतिवर्षी चाळीस विद्यार्थ्यांची सोय होते. वाटप केल्यास तेच १२ लाख रुपये एकदाच चाळीस जणांना पुरतात.

विद्यार्थ्याला मिळणाऱ्या सध्याच्या साहाय्यातून संगणक विकत घेणे का जमत नाही, तेही पाहू. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून असलेल्या भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत भोजन, निवास व निर्वाह यांसाठी रक्कम थेट बँक खात्यात जमा होते. त्याखेरीज शैक्षणिक साहित्यासाठी वैद्यकीय व अभियांत्रिकी शाखांना वर्षाला ५,००० रुपये आणि इतर शाखांना २,००० रुपये अशी तरतूद मूळ योजनेत करण्यात आली. या रकमेत वह्या-पुस्तके येतील. संगणक येणार नाही.

स्वस्त साधनाचा धडा

खर्च कमी करण्याच्या प्रयत्नात साधन निकृष्ट घेतले तर काय होते, याचे उदाहरण देशाने पाहिले आहे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी 'आकाश' हा अल्पमोली टॅब्लेट मोठ्या अपेक्षेने सादर करण्यात आला. तो महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीच होता. परंतु ३६६ मेगाहर्ट्झचा प्रक्रियक, २५६ मेगाबाइट स्मृती आणि अल्पकाळ टिकणारी बॅटरी यांमुळे पहिली आवृत्ती अभ्यासाच्या कामी फारशी आली नाही. दुसरा धडा पेरू या देशाचा. तेथे प्राथमिक शाळांतील मुलांना लॅपटॉप देण्यात आले. ३१९ शाळांच्या अभ्यासाचे २०१२ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे की, गणित व भाषा या विषयांतील गुणांत त्यामुळे वाढ झालेली दिसली नाही. साधन चांगले हवे आणि त्याच्याबरोबर अध्यापनही हवे, हा या दोन्ही अनुभवांचा अर्थ.

याउलट, जुने साधन नेहमीच निरुपयोगी असते असे नाही. 'विंडोज १०' या प्रणालीला मिळणारे निःशुल्क साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. त्यानंतरच्या प्रणालीस लागणारी क्षमता नसल्यामुळे कार्यालयांतील अनेक संगणक निर्लेखनाच्या यादीत जाणार आहेत. त्यांतील चांगल्या स्थितीतील यंत्रे नियमानुसार निर्लेखित करून, त्यांवरील शासकीय माहिती पूर्णपणे पुसून आणि लिनक्ससारखी मुक्त प्रणाली बसवून महाविद्यालयांना देता येतील. लेखन, तक्ते, आज्ञावली आणि व्याख्याने या कामांना ती पुष्कळ वर्षे उपयोगी पडतील. अशा मुक्त आज्ञावली शिकण्यासाठी मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे 'स्पोकन ट्युटोरियल' पाठ मराठीतही उपलब्ध आहेत.

पेढी कशी चालवावी

पेढी ग्रंथालयाचा विभाग म्हणून असावी. प्रत्येक संगणकाची जडसंग्रह नोंदवहीत नोंद आणि त्यावर अनुक्रमांक असावा. देव-घेव सत्राच्या आरंभी व अखेरीस करावी.

साधन कोणाला प्रथम द्यावे, याचा क्रम लेखी ठरवून सूचना-फलकावर लावावा. ज्यांच्या घरी संगणक नाही असे विद्यार्थी हा पहिला निकष. त्यांत मुली, अपंग विद्यार्थी आणि स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुले यांना अग्रक्रम असावा. बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दसऱ्यानंतर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. त्या कुटुंबातील मुलगी धाकट्या भावंडांसाठी फडावर गेली, तर तिच्याबरोबर लॅपटॉप आणि त्यात आधीच उतरवून ठेवलेली व्याख्याने जाणे, हाच तिचे वर्ष वाचविण्याचा मार्ग असू शकतो. दृष्टिहीन विद्यार्थ्यांच्या संगणकावर 'एनव्हीडीए' हे निःशुल्क स्क्रीन-वाचक बसवून द्यावे.

अनामत रक्कम घेऊ नये. नेहमीच्या वापरातील झीज किंवा बिघाड यांबद्दल दंड करू नये. दंडाच्या भीतीने साधन कपाटात बंद राहते, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. वापरामुळे जुना झालेला संगणक हा पेढीचा तोटा नव्हे. न वापरता नवा राहिलेला संगणक हाच खरा तोटा होय.

दुरुस्तीसाठी 'कमवा व शिका' योजनेचा उपयोग करावा. संगणकशास्त्राच्या दोन-चार विद्यार्थ्यांना दिवसाचे काही तास हे काम दिल्यास त्यांना मानधन व अनुभव मिळेल आणि पेढीतील यंत्रे चालू राहतील. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरदर्शनचा प्रयोग सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत झाला, तेव्हा संचांबरोबर त्यांच्या दुरुस्तीची यंत्रणाही उभारण्यात आली होती. आजही त्याचे अनुकरण करण्यासारखे आहे.

ग्रामपंचायतीचे काम

विद्यार्थ्याच्या घरी संगणक पोहोचला तरी जोडणी, वीज आणि शांत जागा या तीन गोष्टी उरतात. त्या गावातच मिळावयास हव्यात.

दृश्य-व्याख्यानाच्या एका तासाला साधारणतः अर्धा ते एक गिगाबाइट डेटा लागतो. दिवसाला चार तास झाले तर दोन ते चार गिगाबाइट; म्हणजे दररोज दीड-दोन गिगाबाइट देणारी नेहमीची योजना दुपारपर्यंत संपते. शासनाने २०११ मध्ये 'संग्राम' प्रकल्पातून ग्रामपंचायतींत संगणक आणले. पुढे तेथे 'आपले सरकार' सेवा केंद्रे आली. जेथे अशी जोडणी आहे तेथे कार्यालयाची एक खोली किंवा गावचे सार्वजनिक ग्रंथालय सकाळी व सायंकाळी विद्यार्थ्यांसाठी खुले ठेवता येईल. दोन टेबले, सहा खुर्च्या, एक राउटर आणि एक इन्व्हर्टर एवढ्यावर अभ्यासिका उभी राहते. लॅपटॉपला सुमारे ४५ वॉट वीज लागते. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या एका बॅटरीवर दहा लॅपटॉप दोनेक तास सहज चालू शकतात आणि त्यांच्या स्वतःच्या बॅटऱ्या त्याहून वेगळ्या. मुलींना निर्धास्तपणे येता यावे, अशी वेळ व देखरेख ठेवावी. हा खर्च ग्रामपंचायत विकास आराखड्यात दाखविण्यासाठी ग्रामसभेत ठराव मांडणे हे सदस्यांच्या हातचे काम आहे.

प्राध्यापकांचा वाटा

अध्यापनाची पद्धत साधनाला अनुसरून बदलली तर साधनावरील भारही हलका होतो. ६४ किलोबिट प्रतिसेकंद दराने ध्वनिमुद्रित केलेले तासाभराचे व्याख्यान केवळ २९ मेगाबाइटचे होते. दृश्य-व्याख्यानाच्या तुलनेत हा भार अत्यल्प आहे. मराठीतील टिपणे आणि ध्वनिमुद्रण आधी द्यावे, थेट तास शंकांसाठी ठेवावा, उत्तरे स्वीकारण्याची मुदत एका तासाऐवजी एका दिवसाची असावी. एवढ्याने ज्याच्या गावी जोडणी तुटक आहे, तो विद्यार्थीही वर्गात टिकू शकेल. ऑनलाइन परीक्षेत जोडणी तुटल्यास पुन्हा संधी देण्याचा नियमही आधीच जाहीर करावा.

विशिष्ट प्रवर्गांतील व उत्पन्नमर्यादेतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क शासनाने २०२४-२५ पासून पूर्णपणे माफ केले आहे. प्रवेशद्वारावरील एक मोठी अडचण त्यामुळे दूर झाली. परंतु शुल्क भरले गेले आणि शिकण्याचे साधन मिळाले नाही, तर त्या माफीचे पूर्ण फळ पदरात पडणार नाही.

नागसेनवनात पंच्याहत्तर वर्षांपूर्वी जे पुस्तकाच्या व निवाऱ्याच्या बाबतीत करण्यात आले, ते आता संगणकाच्या बाबतीत करावयाचे आहे. प्रत्येक महाविद्यालयाने या सत्रात एक साधी नोंद करावी : आपल्या किती विद्यार्थ्यांच्या घरी संगणक नाही, आणि आपल्या प्रयोगशाळेतील किती संगणक सायंकाळी पाचनंतर व सुटीच्या दिवसांत बंद असतात. हे दोन आकडे शेजारी मांडले की, पेढीचा प्रारंभ किती यंत्रांनी करता येईल, ते कळून येईल.